श्रद्धेचं वय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हिंदी राज्यात राहून आपल्या मुलांना मराठी वाचायला लावलं. घरातलं बायबल मराठी, शाळेतलं पुस्तक हिंदी आणि अंगणात पोवारी नाहीतर गोंडी, अशा या भरवेलीच्या खाणगावात त्यांनी हे केलं. त्यांच्याबद्दल तुम्हाला मी बाहेरून येऊन काय सांगणार? त्यांच्या आवडीचा विषय मात्र मी आज घेतला आहे. ख्रिस्ती श्रद्धा घरात कशी वाढते, आणि ती पिकली हे कशावरून ओळखायचं, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मी एकच घर निवडलं आहे, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. टिळकांची भजनं तुम्ही दर रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून गाता. ती भजनं ज्या घरात लिहिली गेली, त्या घराकडे मात्र आपण फारसं बघत नाही. आज त्या घराबद्दल बोलू.

या घराच्या गोष्टीतला मोठा प्रसंग आपल्या या मुलखाजवळून गेला आहे. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. नागपूरची गाडी भंडारा रोड, गोंदिया, आमगाव, डोंगरगड करत राजनांदगावला पोचते. बालाघाटला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती आणि भरवेलीच्या मॅंगनीजला अजून कुदळ लागायची होती. पण कारभाराच्या दृष्टीने हा सगळा एकच मुलूख होता. मध्य प्रांताच्या नागपूर विभागात नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा आणि बालाघाट हे जिल्हे एकत्र नांदत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, भंडारा मुंबई राज्यात गेलं, आणि पाहुण्यारावळ्यांच्या मधून एक सीमारेषा निघाली. खाणीचं मुख्य कार्यालय आजही नागपूरला आहे, ही जुन्या नात्याची एक खूण.

तर त्या गाडीत टिळकांच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. दोघांचं बोलणं कवितेवर सुरू झालं आणि धर्मावर आलं. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, तो वाचून काढण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते भाकीत पोरकट वाटलं. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करत ते वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. भाकीत खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय तेहेतीस.

आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट इथेच संपते. उपदेशात, शब्बाथशाळेत, टिळकांच्या पुण्यतिथीला आपण गाडी सांगतो, नवा करार सांगतो, बाप्तिस्मा सांगतो आणि ‘आमेन’ म्हणतो. त्या दिवशी लक्ष्मीबाई कुठे होत्या, हे कोणी सांगत नाही.

त्या नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांत होत्या. वय सव्वीस. वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० साली, जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी टिळकांच्या घरात आली. शाळा तिने पाहिली नव्हती, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. नवरा तापट आणि मनस्वी. न सांगता उठून कुठेही जाणारा, हातातला पैसा घरी येईपर्यंत कोणा गरजूला देऊन मोकळा होणारा. तान्ही मुलं गेली होती. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा जगला, तो चार वर्षांचाही नव्हता. अशा बाईच्या कानावर एक दिवस आलं की नवरा बाटला. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, हे आज आपल्याला नीट कळणार नाही. कुंकू कपाळावर होतं, नवरा जिवंत होता, आणि तरी सुतक आल्यासारखं घर झालं. मुलाला बाप घेऊन जाईल या भीतीने नातेवाईक त्याच्यावर लक्ष ठेवून राहिले. त्यानंतर साडेचार-पाच वर्षं नवराबायको वेगळी राहिली. त्यातला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात बहिणीच्या घरी काढला. कविता करायला त्या याच दुःखात शिकल्या.

मी स्वतः श्रद्धावंत आहे, टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही मी या व्यासपीठावरून सांगतो की टिळकांनी त्या वेळी बायकोवर अन्याय केला. त्यांची श्रद्धा खरी होती. तिच्यासाठी त्यांनी नाव, जात, नातलग, आश्रयदाते, सगळं सोडलं. पण ती श्रद्धा तेव्हा वयाने लहान होती. ज्या माणसाच्या आयुष्यावर आपल्या निर्णयाचा सगळ्यात मोठा घाव पडणार, त्याला त्या निर्णयात कुठे जागा द्यायची, हे तिला अजून कळत नव्हतं. देवाशी एकट्याने बोलणं झालं की काम झालं, असं नव्या श्रद्धेला वाटतं. घर मागाहून येईलच, असं ती धरून चालते.

यापुढे जे झालं त्यासाठी मी हे घर निवडलं.

१८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. धर्मांतर केलेल्या माणसाची बायको किंवा नवरा, केवळ धर्म बदलला म्हणून सहा महिने नांदायला नकार देत असेल, तर त्या धर्मांतरिताला कोर्टात जाता येत असे. न्यायाधीश नकार देणाऱ्याला बोलावून कारण विचारी, मग प्रकरण एक वर्ष पुढे ढकललं जाई, आणि वर्षानंतरही नकार कायम असला तर लग्न मोडून दोघांनाही पुन्हा लग्नाची मोकळीक मिळे. धर्मांतरित लोकांच्या संसाराची कशी फरपट होत होती, हे सरकारला ठाऊक होतं म्हणूनच हा कायदा आला. टिळकांना ही वाट मोकळी होती. तरुण होते, विद्वान होते, नव्या समाजात मान होता. ते त्या वाटेने गेले नाहीत. ते थांबले. पत्रं लिहीत राहिले. त्यांत माया असे, कधी राग असे, कधी कविता असे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने या प्रश्नाला सरळ हात घातला आहे. विश्वास न ठेवणारी बायको सोबत राहायला राजी असेल तर विश्वासी नवऱ्याने तिला सोडू नये, असं तो सांगतो. नवऱ्यालाही तेच, बायकोलाही तेच. मला त्यात विशेष वाटतं ते असं की, तिला आधी आपल्या बाजूला आण आणि मग सोबत राहा, अशी अट पौलाने कुठे घातलेली नाही. सोबत राहणं पहिलं. बाकीचं देवाच्या हाती.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला टिळकांकडे आल्या. त्या ख्रिस्ती व्हायला आलेल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहायला आल्या होत्या. त्यांचं सोवळं त्यांच्याबरोबर आलं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. घरात आलेली वस्तू अन् वस्तू धुऊन घेण्याच्या त्या कडक शिस्तीत लहानपणापासून मुलं होरपळली होती. त्या शिस्तीचा जाच पोटभर सोसलेली ही बाई तीच शिस्त मिशनच्या आवारात पाळायला बसली. स्वयंपाक आपल्या हाताचा, पाणी आपलं, भांडी आपली. नवऱ्याकडे येणारी माणसं सगळ्या जातींची, आणि आत चुलीपाशी विटाळाचा धाक.

त्या स्वयंपाकघराचा विचार तुम्ही करून बघा. बाहेर मिशनचे लोक, पाद्रीसाहेब, नव्या ख्रिस्ती बायका. टिळक म्हणजे त्या मंडळीचं भूषण, आणि त्यांची बायको आपल्या हातचं पाणी पीत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. टिळकांची किती कोंडी झाली असेल! भांडणं झाली असतील, कारण तापटपणा बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतला गेलेला नव्हता. लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांच्या रागाची चित्रं अशी काढली आहेत की वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही. पण श्रद्धेच्या बाबतीत टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तुझं सोवळं तू पाळ, हे त्यांनी दिवसेंदिवस निभावलं. जो माणूस बाप्तिस्म्याच्या वेळी बायकोसाठी थांबू शकला नाही, तो आता रोज तिन्हीत्रिकाळ थांबत होता. माझ्या दृष्टीने टिळकांची श्रद्धा वयात आली ती इथे.

आणि लक्ष्मीबाई? त्यांचं मन बदललं ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. एका रात्री विचार करता करता त्यांनी स्वतःलाच विचारलं की या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसात काही तरी अंगचा फरक ठेवला असता. जन्म तसाच, मरण तसंच, शरीर तेच. उत्तर मिळालं आणि त्या बाईने सोवळं टाकलं, तेही अर्धवट नाही. कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं, असा निश्चय करून टाकला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आपण नेहमी तिच्यात घोळ घालतो. सोवळं सोडलं त्या दिवशी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. तो एक टप्पा होता. ख्रिस्तावरचा विश्वास हा पुढचा, निराळा टप्पा. तो आला तेव्हा १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. कोणी घाई केली असती, ‘आता सगळ्यांच्या हातचं खातेस, मग मंडळीत यायला काय हरकत आहे?’ असा टोमणा मारला असता, तर त्या आल्या असत्या का, कोण जाणे. आल्या असत्या तर टिळकांची बायको म्हणून आल्या असत्या. आल्या त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या. म्हणून तर पुढे टिळक गेल्यावर त्यांच्या श्रद्धेला टेकू लागला नाही.

वयाचा प्रश्न मी इतका का ताणतो आहे, हे सांगायला मला आणखी मागे, १८४३ सालच्या मुंबईत जावं लागेल. नारायण शेषाद्री नावाच्या तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे हेच रेव्हरंड नारायण शेषाद्री, जालन्याजवळचं बेथेल वसवणारे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. त्याचं वय बाराच्या आसपास. बाप कोर्टात गेला. मुलगा अजून समजत्या वयाचा नाही असं धरून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग ब्राह्मणांत दुसरा वाद पेटला, मुलगा तिथे राहिला, जेवला, आता त्याला जातीत घ्यायचा की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाच्या बाजूने उभं राहून प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यायला लावलं आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. जांभेकर ख्रिस्ती नव्हते, मिशनऱ्यांच्या धर्मांतराला त्यांचा विरोधच होता. तरी या प्रकरणात मला सर्वात थोर दिसतात ते तेच. बाकी सगळे मुलगा कोणाचा हे ठरवत होते. या मुलाचं पुढे काय, याची काळजी त्यांनी केली.

लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी असाच बारा वर्षांचा एक मुलगा आहे. यरुशलेमेच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून तो प्रश्न विचारतो आहे, आणि त्याची आई कासावीस होऊन त्याला शोधते आहे. मुलाचं बोलणं आईबापांना कळत नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, आणि शहाणपणाने वाढत जातो. त्यानंतर सेवा सुरू होते ती तिसाव्या वर्षाच्या सुमाराला. मधली सुमारे अठरा वर्षं घरात गेली. सुताराच्या दुकानात, आईच्या हाताखाली, भावंडांच्या गोतावळ्यात. प्रभूला जर एवढा काळ लागला, तर आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडून दृढीकरणाच्या दिवशी आपण पक्की, तयार श्रद्धा कशी मागतो?

मुलाच्या श्रद्धेवर हक्क कोणाचा, हा झगडा पंडिता रमाबाईंनी आणखी वेगळ्या बाजूने लढला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी आणि त्यांच्या छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुढे मुलीला कोणत्या पद्धतीने वाढवायचं, कोणत्या शिकवणुकीत बांधायचं, यावरून त्यांचा आणि त्यांना धर्मात आणणाऱ्या भगिनींचा मोठा पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीच्या ताब्यात जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्या माणसांनी आपल्याला श्रद्धेचं दार दाखवलं, त्यांच्याशीही आदर राखून भांडता येतं, हे रमाबाईंच्या त्या पत्रांतून शिकावं.

आता भरवेलीकडे येतो. आपल्या राज्यात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं तो सांगतो. या कायद्याबद्दल मंडळ्यांमध्ये काय बोललं जातं, मला माहीत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच भीतीला कारणही आहे. पण आज मला दुसरंच विचारायचं आहे. बाहेरच्या जबरदस्तीवर कायदे होतात, खटले होतात, वर्तमानपत्रांत येतं. घरातल्या घरात आपण एकमेकांवर जी जबरदस्ती करतो, तिचं काय? ती कुठल्या कलमात बसते?

इथल्याच एका घरी मी काही वर्षांपूर्वी संध्याकाळी बसलो होतो. खाणीच्या क्वार्टरांपैकी एक, दोन खोल्यांचं. मुलगा दुसऱ्या पाळीला खाली उतरलेला. सासूबाईंनी प्रार्थनेला सुरुवात केली, टिळकांचंच एक भजन, आवाज थकलेला पण सूर पक्का. नातवंडं समोर पाटावर बसलेली, धाकटं डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होतं. सून हिंदू घरातून आलेली. ती आत भाकऱ्या थापत होती. भजनाचं धृपद आलं की भाकरी थापण्याचा आवाज थांबे, कडवं सुरू झालं की पुन्हा सुरू होई. प्रार्थना संपल्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “साहेब, ती बाहेर येत नाही, काही तरी समजावा तिला.” मी म्हटलं, “मावशी, ती धृपदाला थांबते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?” त्यांना ठाऊक नव्हतं. सहा हात अंतरावर आठवड्यांमागून आठवडे जे घडत होतं, ते त्यांनी ऐकलं नव्हतं, कारण त्यांचे कान ती बाहेर येते का एवढ्याकडेच लागलेले होते.

ती सून पुढे मंडळीत आली का, हे मला विचारू नका. ते विचारण्यातच आपला रोग आहे.

इथे आईबाप मला अडवतात, आणि त्यांचं अडवणं रास्त आहे. ते म्हणतात, तुमचं ठीक आहे, पण थांबलो आणि मुलगा आलाच नाही तर? पोरगं नागपूरला नाहीतर पुण्याला शिकायला जातं, रविवारी झोपून राहतं, घरी फोनवर ‘हो, गेलो होतो देवळात’ म्हणून सांगतं. आम्ही नुसतं बघत बसायचं? या प्रश्नाला गोड उत्तर नाही. तो येणार नाही, असं होऊ शकतं. लक्ष्मीबाईही आल्या नसत्या, असं होऊ शकलं असतं. टिळक थांबले तेव्हा शेवट त्यांना माहीत नव्हता, तो आपल्याला माहीत आहे म्हणून आपल्याला ती गोष्ट सोपी वाटते. बायको येईल या हिशेबाने ते थांबले असते, तर ती सवड राहिली नसती, तो दबावच झाला असता. घरातल्या माणसाला असा दबाव लगेच कळतो. बापाचं मौनही कधी कधी ओरडण्यापेक्षा मोठं असतं.

पण थांबणं म्हणजे सोडून देणं, असा अर्थ कोणी काढू नका. टिळकांनी घरातली भजनं थांबवली नाहीत. कीर्तनं केली, अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत ख्रिस्त गायला. नगरच्या त्या घराचं दार उघडं होतं. अनाथ मुलं तिथे वाढली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या ठोमऱ्यांच्या त्र्यंबकला, म्हणजे आपल्या बालकवींना, टिळकांनी घरी आणलं आणि लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे, खाण्यापिण्याचे लाड पोटच्या पोरासारखे सांभाळले. बालकवी हिंदूच राहिले. त्या घरात त्यांना कोणी ख्रिस्ती करायला बघितलं नाही, आणि त्यांच्यावरची माया तेवढ्याने तसूभर कमी झाली नाही. घरातल्या प्रत्येकाने हे रोज डोळ्यांनी पाहिलं. मुलांना धर्म शिकवायचा तो असा. मूल तुमचं तोंडी सांगणं विसरेल, पण आपल्या घरात कोणाला कसं वागवलं गेलं, हे ते मरेपर्यंत विसरत नाही.

टिळकांच्या शेवटच्या वर्षांत मला याच शिकवणुकीचं फळ दिसतं. १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. अनेक विद्वानांनी तिची धर्मशास्त्रीय मीमांसा केली आहे. माझा अंदाज साधा आहे. बाप्तिस्मा न घेतलेल्या, तरीही आपल्यापेक्षा उण्या नसलेल्या एका माणसाबरोबर टिळक एका छपराखाली राहिले होते. दरबाराची पहिली बैठक त्यांच्या स्वयंपाकघरात झाली होती.

दरबार पुढे टिकला नाही. टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत गेले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं होतं, ते सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवरच राहिलं. ते कोणी पुरं केलं? कधीही शाळेत न गेलेल्या, एके काळी ख्रिस्ती नवऱ्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांमध्ये, मोठ्या जिद्दीने त्यांनी शेवटाला नेलं. १९३३ साली नागपूरला ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षपदी त्या होत्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग बाहेर येऊ लागले आणि मराठी आत्मचरित्राला तोवर नसलेली एक उंची मिळाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात छापून झालं.

‘स्मृतिचित्रे’बद्दल एक सांगतो. हे पुस्तक एका ख्रिस्ती बाईने लिहिलेलं आहे, पण त्यात जुन्या घराबद्दल कडवटपणा नाही. सोवळ्याने वेडावलेले वडील, कोपिष्ट सासरा, बाटली म्हणून दूर लोटणारे नातलग, सगळ्यांना तिने मायेने आठवलं आहे. नवऱ्याचे दोष लपवले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ख्रिस्ताच्या पूर्णतेच्या मापाने वाढण्याविषयी लिहितो. ते माप आपण पाठ केलेल्या वचनांनी, हजेरीने, देणगीने घेतो. माझ्या मते ते अशा लिखाणाने घ्यावं. ज्याने आपल्याला दुखावलं त्याच्याविषयी खरं लिहिता येतं का, आणि ते मायेने लिहिता येतं का? हे दोन्ही एका माणसाला जमलं की त्याची श्रद्धा प्रौढ झाली, असं मी समजतो.

भरवेलीच्या घराघरांत आज किती तरी वाटा एका चुलीपाशी येऊन मिळाल्या आहेत. कोणी पिढीजात ख्रिस्ती, कोणी आजोबांपासून, कोणी नुकतं लग्न होऊन आलेलं. कोणी गोंड घरातलं, कोणी बौद्ध, कोणी पोवार. प्रत्येकाचं श्रद्धेचं वय निराळं. साठ वर्षांच्या बापाची श्रद्धा कधी कधी चार वर्षांची असते, हट्टी, रडकी. आणि त्याच घरातल्या नातीची श्रद्धा आजोबांना सांभाळून घेण्याइतकी मोठी असते. हे सगळं एका मापाच्या सदऱ्यात बसवायचा प्रयत्न केला की कोणाचा तरी श्वास कोंडतो.

म्हणून जाता जाता माझी तुम्हाला विनंती आहे. या हिवाळ्यात ‘स्मृतिचित्रे’ घरात आणा आणि प्रार्थनेनंतर रोज थोडं मोठ्याने वाचा. गुरुजींनी तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं ते अशाच पुस्तकांसाठी. आणि पाळकसाहेबांकडे बाप्तिस्म्यासाठी किंवा दृढीकरणासाठी मुलाचं, सुनेचं नाव देण्याआधी त्या माणसाला एकट्याला बसवून विचारा. ‘अजून नाही’ असं उत्तर आलं, तर पाळकसाहेबांना तसंच कळवा, आणि पाळकसाहेब, तुम्हीही ते तसंच स्वीकारा. घरच्या प्रार्थनेतली त्याची जागा मात्र तशीच ठेवा.